कोपऱ्यातली वडी

—नाही नाही, सूट कुठे पळून जात नाही, तो बघ तिथे दाराला टांगलाय, इस्त्री करून, टायसकट — तू बस आधी. दफनवाल्यांना संध्याकाळपर्यंत मिळाला तरी चालतंय, मी फोन करून विचारलंय, आणि हार्लनला आता कसलीच घाई नाही. बूट राहू देत गं. बरं, काढलेसच तर त्या चटईवर ठेव, बर्फाचं पाणी होतंय. नवऱ्याने पाठवलं ना तुला? पाद्र्याच्या बायकोचं हेच काम, टेसा — मेलेल्याचे कपडे न्यायचे आणि मागे उरलेल्या बाईचं ऐकून घ्यायचं. तुमच्या टेक्सासात नसेल. इथे असतं. कॉफी घे. पातळ आहे, ठाऊक आहे मला, तोंड वाकडं करू नकोस. मिनेसोटात अशीच पितात, कपाचा तळ दिसला पाहिजे.

हो, बरोबर ओळखलास वास. पीनट बटर आणि चॉकलेट. वड्या भाजतेय. अशी बघू नकोस माझ्याकडे! रीत मला माहीत नाही होय? चर्चच्या तळघरातलं ते स्वयंपाकघर वर्षानुवर्षं मी सांभाळलंय — ज्या घरचं माणूस गेलं त्या घराने दफनाच्या जेवणाला काही म्हणजे काही न्यायचं नाही. घरच्यांनी खुर्चीत बसायचं, रडायचं, तेही बेताने, आणि बाकीच्या बायकांनी आणलेलं गपचूप खायचं. छान रीत आहे. दुसऱ्याच्या घरचं माणूस जातं तोवर फारच छान. गॅरेजात डोकावलीस येताना? जानेवारीत गॅरेज हाच आमचा फ्रीज — आता गाडी ठेवायला जागा नाही तिथे. बायकांनी आणून दिलेलं एकेक काचेचं भांडं, आणि सगळ्यांत तेच, नूडल्स नि खिमा नि डब्यातलं मशरूमचं सूप, जसं काय सगळ्यांनी एकाच पातेल्यातून ओढलंय. हार्लन असता तर म्हणाला असता — काही म्हणाला नसता. बसून खाल्लं असतं.

आणि उद्याच्या वड्या कोण आणतंय, ठाऊक आहे? लव्हॉन. माझ्या नवऱ्याचं दफन आणि वड्या लव्हॉनच्या! ती ट्रे कशी ठेवते बघितलंयस? टेबलावर ठेवणार, वरचा कागद अलगद उचलणार आणि एक पाऊल मागे — जसं काय बाळाला न्हाऊमाखू घालून पाळण्यात ठेवलंय. कोणी काही म्हटलं की, 'अगं, काही नाही गं, घाईघाईत केल्या.' घाईघाईत! दोन दिवस फोन उचलत नाही बया. वर अख्खे भाजके दाणे पेरते, ओळीने, पट्टी लावून. नखरे. वडी म्हणजे काय, तर ओट्स, साखर, लोणी, पीनट बटर, भाजून वर चॉकलेट. त्यात पेरायचंय काय एवढं?

थांब, ओव्हनची घंटी वाजली. — सरक जरा. आता हे चॉकलेटचे तुकडे वर टाकायचे आणि हात लावायचा नाही. आपोआप मऊ होतात, मग पसरायचं. लोकांना धीर नसतो. लव्हॉनला तर नाहीच.

हां, तर काय सांगत होते — शेवटचा तुकडा. इथे ट्रेतला शेवटचा तुकडा कोणी घेत नाही, हे एव्हाना कळलं असेल तुला. एक येतो, अर्धा कापतो. दुसरा येतो, अर्ध्याचा अर्धा. मग तिसरा. शेवटी मुंगीला पुरेल एवढा कण उरतो आणि शेजारी हातभर सुरी. माझ्या ट्रेत तर कायम एक-दोन ओळी अशा उरतात, कापून कापून बारीक केलेल्या. का? कारण माझ्या वड्या सभ्य माणसं खातात. आणि लव्हॉनचा ट्रे? चाटूनपुसून. काचेतून खालच्या चिकटपट्टीवरचं तिचं नावसुद्धा वाचता येतं. म्हणजे तिचे खाणारे कसले, तूच बघ.

म्हणून तुला बसवलंय. हा ट्रे तू न्यायचास. खाली तुझ्या नावाची पट्टी लावायची, माझ्या नाही. तू नवीन आहेस, तुझ्या हातच्या वड्या कोणी खाल्लेल्या नाहीत, कोणाला संशय यायचा नाही. मागे तू ते तिखट लावलेलं आंब्याचं काहीतरी आणलं होतंस ना — अजून बोलतात लोक. 'वेगळं होतं' म्हणतात. खुश नको होऊस. आमच्याकडे 'वेगळं' कशाला म्हणतात ते कळेल तुला हळूहळू. माझं एवढंच म्हणणं आहे, उद्या त्या टेबलावर जो ट्रे आधी रिकामा होईल तो माझा असावा. कोणाला कळलं नाही तरी चालेल. मला कळेल.

आता एवढं काय पेटलंय, असंच ना? — सुटाला इस्त्री करायची म्हणून खिसे उलटे केले. डाव्या खिशात चर्चमधला कागदी रुमाल, चार घड्या घातलेला. आत कोपऱ्यातली वडी. कोपराच आवडायचा त्याला, कडक, दाताला लागणारा. माझा कोपरा? छे! वर अख्खे दाणे होते, ओळीने. हा माणूस माझ्या शेजारी बसून माझी वडी खायचा, 'बरं आहे, अर्डिस' म्हणायचा, आणि तिची खिशात घालून न्यायचा! कुठे खायचा कोण जाणे. गाडीत असेल. नाहीतर मासे पकडायला जायचा त्या गोठलेल्या तळ्यावरच्या झोपडीत, एकटाच. तरी म्हटलं एवढे मासे का मिळत नाहीत.

काय केलं म्हणजे? खाल्ला मी. टाकणार होते, पण खाल्ला. वाळून दगड झाला होता. आणि खारट! वर जाडं मीठ घालते ती सटवी — रक्तदाबाच्या माणसाला मीठ! मी इथे एकेक दाणा मोजतेय. डॉक्टरने सांगितलं त्या दिवशी बरणी वरच्या फळीवर गेली ती गेली. बटाटे बिनमिठाचे, लोणी बिनमिठाचं, पीनट बटरसुद्धा बिनमिठाचं, ते आपल्या दुकानात मिळत नाही, शहरातून आणावं लागतं. एक दिवस तक्रार नाही केली त्याने. 'बरं आहे, अर्डिस.' आता इथली माणसं 'बरं आहे'च्या पुढे जातात कुठे? ती स्तुतीच असते. मी तसंच धरून चालले.

हे घे, चाखायला एक छोटी ताटली वेगळी भाजली होती, गार झालीय. खा, खा. — कशी आहे? खरं सांग.

'बरी आहे'? अगं वा! शिकलीस की! एका हिवाळ्यात शिकलीस, पक्की इथली झालीस —

मग ती अर्धी बशीत का ठेवलीस?

नाही, बोलू नकोस, दिसतंय मला. सुरीने कापून, नीट कडेला सारून ठेवलीयस. शेवटची नाहीये ती, टेसा. अख्खा ट्रे पडलाय समोर.

हं.

म्हणजे त्या उरलेल्या ओळी... सभ्य माणसं होती खरी. इतकी वर्षं कोणी चकार शब्द काढला नाही. आणि मीठ आजही नाही घातलं मी. हात गेलाच नाही. कोणाचं जपायचंय आता, सांग? पलीकडच्या खोलीत कोण बसलंय?

तुझा हात पुरतो, ती बरणी काढ. वरची फळी, मागे. पूस जरा. चॉकलेट अजून मऊ आहे, धरेल. भुरभुर वरून. आणखी. अगं घाल गं सढळ, आता कोणाला काही होत नाही.

आण ती सुरी. हा कोपरा. गरम आहे, असू दे. रुमाल दे तो कागदी — आणि तो सूट इकडे कर. डावा खिसा. उजवा नाही, डावखुरा होता तो. चॉकलेट लागेल सुटाला? लागू दे. बरं दिसेल.

ट्रे आडवा धर, तिरका नको. एक कोपरा कमी का, असं विचारतील, तर म्हणावं — काही म्हणू नकोस. पट्टी तुझ्याच नावाची लाव. आता बघतेस काय? जा. आणि दार घट्ट ओढून घे, थंडी आत येते.