दाराकडे पाठ

नवरा: आणि इथे हा बाबा तिच्या डोळ्यांत बघतोय. सलग पाऊण पान.

लेखिका: बघू दे की. नायक आहे तो.

नवरा: नायक नंतर. आधी बॉडीगार्ड आहे. मागे गॅलरीचं दार उघडं, पडदा हलतोय, तूच लिहिलंयस. आणि हा डोळ्यांत बघतोय. आमच्या बॉडीगार्डच्या नोकरीत असता तर दुसऱ्या दिवशी घरी बसला असता.

लेखिका: पडदा वातावरणनिर्मितीसाठी हलतोय.

नवरा: कशासाठीही हलू दे. मागे कोण आहे ते बघायला नको?

लेखिका: तुला टायपिंगच्या चुका काढायला दिलं होतं. नायकाच्या नाही.

नवरा: टायपिंग स्वच्छ आहे. माणूसच चुकलाय. हे बघ, जेवायला बसलेत दोघं आणि हा दाराकडे पाठ करून बसलाय. असं कुणी बसत नाही.

लेखिका: समोर नायिका बसवायची होती मला.

नवरा: मग तिला बसव दाराकडे पाठ करून. हा भिंतीकडे, दार समोर दिसेल असा. त्याची खुर्ची ठरलेली असते. मेला तरी दुसरीकडे बसणार नाही.

लेखिका: बसवला भिंतीकडे. झालं समाधान? उद्या खऱ्या बॉडीगार्डवर कादंबरी लिहीन. 'तो भिंतीला टेकून उभा होता. दुसऱ्या दिवशीही तो भिंतीला टेकून उभा होता.'

नवरा: टेकून नाही. टेकलं की झोप येते.

लेखिका: रिटायर झालास, तरी आपल्या एकाही फोटोत तू कॅमेऱ्याकडे बघत नाहीस. मुलीच्या रिसेप्शनचा फोटो घे. सगळं खानदान पुढे बघतंय आणि तू स्वयंपाकघराच्या दाराकडे.

नवरा: तिथून एक माणूस सारखा ये-जा करत होता.

लेखिका: वाढपी होता तो.

नवरा: ते नंतर कळलं.

लेखिका: थांब, संपादकांचा फोन आलाय. स्पीकरवर टाकते. हं, बोला.

संपादक: ताई, शेवटचं प्रकरण संध्याकाळपर्यंत हवं. छापखाना खोळंबलाय.

लेखिका: होतंच आलंय.

संपादक: होतंच आलंय म्हणजे सुरू केलेलं नाही. असो. एक विनंती होती. या वेळी गोळी नको.

लेखिका: गोळी नको? मग प्रेम कसं कळणार?

संपादक: तेच तर. चारही पुस्तकांत बॉडीगार्ड आणि बाई नवरा-बायको असल्याचं नाटक करतात. चारही पुस्तकांत तो शेवटी तिच्यासाठी डाव्या खांद्यात गोळी घेतो आणि मग दोघांना कळतं की लग्न खोटं असलं तरी प्रेम खरं आहे. वाचक विचारतायत, या एजन्सीला उजवा खांदा चालत नाही का?

लेखिका: उजवा घेऊ?

संपादक: खांदाच नको ताई. डोळ्यांत पाणी नको, ओठ थरथरायला नकोत. त्याने काही बोलू नये आणि तिला कळावं. असं काहीतरी द्या. नाहीतर मालकांचं म्हणणं आहे, पुढची पुस्तकं दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यावीत. मालिका चालू राहील, लेखिका बदलेल.

लेखिका: म्हणजे नवरा तोच, बायको नवी.

संपादक: तुम्ही फार मनाला लावून घेता. ठेवतो. भावोजींना नमस्कार सांगा.

नवरा: नमस्कार पोचला. आता?

लेखिका: आता तू गप्प बस, आणि पुरुष काही न बोलता प्रेम कसं व्यक्त करतो ते मला सुचू दे. न बोलणारा माणूस इतकी वर्षं घरात असून मला ते सुचू नये, हे विशेष आहे.

नवरा: तोवर बाकीचं सांगतो. ही अंगठी. खोट्या लग्नाला एजन्सी सोन्याची अंगठी देत नाही. पितळेची देते. आठवड्यात बोट हिरवं पडतं.

लेखिका: बरं. घेते.

नवरा: मग हे ब्रश. बाथरूममध्ये दोन कोरे टूथब्रश ठेवलेत यांनी. शेजारीण हात धुवायला आत गेली की खेळ खलास. एक तरी झिजलेला हवा. नवऱ्याचा.

लेखिका: हं.

नवरा: आणि हा तिला पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारतोय. जमत नाही ते. चारचौघांत तोंडातून 'मॅडम' जातंच. वाण्यासमोर तर हमखास. वाणी काही बोलत नाही म्हणा. त्याला वाटतं, यांच्या घरात तशीच पद्धत असेल.

लेखिका: कुठला वाणी?

नवरा: कुठलाही.

लेखिका: आणि बोट हिरवं पडतं.

नवरा: पडत असावं.

लेखिका: आपली मुलगी बालवाडीत होती तेव्हा तू आग विझवण्याच्या ट्रेनिंगला गेला होतास. परत आलास तेव्हा तुझं बोट हिरवं होतं. मी रोज मलम चोळत होते त्याला.

नवरा: गुण आला होता मलमाचा.

लेखिका: सिलिंडरमधल्या पावडरची ॲलर्जी, असं म्हणाला होतास.

नवरा: ड्यूटी गुप्त होती. घरी सांगायचं नाही असा हुकूम होता.

लेखिका: कोण होती?

नवरा: औषधं तपासायच्या प्रयोगशाळेची मोठी अधिकारी. कुणाची तरी भेसळ पकडली होती. साक्ष होईपर्यंत तिला परगावी दोन खोल्यांत ठेवलं. एकटी बाई राहायला आली की शेजारी दहा प्रश्न विचारतात, म्हणून सोबत नवरा दिला.

लेखिका: दिसायला कशी होती?

नवरा: तुझ्या आईच्या वयाची. मी पैशासाठी लग्न केलंय असं शेजाऱ्यांचं मत पडलं.

लेखिका: पलंग किती होते?

नवरा: एक.

लेखिका: अस्सं.

नवरा: तिचा. मी दारापाशी सतरंजीवर. घोरायची ती. हल्लेखोर आला असता तर त्याला वाटलं असतं आत कुत्रा आहे.

लेखिका: आणि मी चार पुस्तकं कल्पनेने लिहिली. घरातल्या नवऱ्यालाच विचारण्यासारखं होतं हे मला कुणी सांगितलं नाही.

नवरा: साहेब म्हणाले होते, वेगळं नाटक करायला जाऊ नकोस, फसशील. घरी बायकोशी वागतोस तस्सा वाग. मी तसा वागलो. तर चार दिवसांनी ती म्हणाली, "तू घरी खरंच असा असशील, तर माझ्यापेक्षा तुझ्या बायकोला संरक्षणाची गरज आहे."

लेखिका: मला आवडली ही बाई.

नवरा: मग तिने शिकवणीच लावली. बाहेर पडताना कुठे जातोस ते सांगायचं. पोचलं की फोन करायचा. बायको आपल्याच विचारात बसलेली दिसली तर विचारायचं, काय चाललंय. आणि उत्तर ऐकायला थांबायचं. हे थांबणं मला जड गेलं.

लेखिका: एक मिनिट. तिथून आल्यावर तू पोचल्याचे फोन करायला लागलास.

नवरा: हो.

लेखिका: आणि एकदा मी भाजी निवडत बसले होते. तू समोर येऊन उभा राहिलास आणि विचारलंस, तुझ्या डोक्यात दिवसभर काय चालू असतं?

नवरा: तू म्हणालीस, गोष्टी.

लेखिका: आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन आलास. प्रत्येक मुलाखतीत मी हे सांगते. 'लिहायला कशी लागलात?' तर माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं म्हणून. बायका उसासे टाकतात ऐकून. म्हणजे ते तुझं नव्हतंच.

नवरा: कागद माझे होते.

लेखिका: मी हसत नाहीये. खोट्या बायकोने घोकून घेतलेलं तू खऱ्या बायकोला म्हणून दाखवलंस. आणि मी त्यावर अख्खा संसार... जाऊ दे.

नवरा: पहिले काही दिवस घोकलेलंच होतं.

लेखिका: मग?

नवरा: मग नव्हतं.

लेखिका: कधीपासून नव्हतं?

नवरा: त्याची काय तारीख असते?

लेखिका: पण मला कळायचं कसं? ती ड्यूटी कुठे संपली आणि मी कुठे सुरू झाले, हे मी कशावरून ओळखायचं?

नवरा: मला नाही सांगता येणार. तसली वाक्यं तुझी माणसं बोलतात.

लेखिका: माझी माणसं निदान गोळी तरी खातात.

नवरा: चहा टाकू?

लेखिका: टाक. दुसरं काय येतंय तुला.

(कपबशा टेबलावर ठेवल्याचा आवाज. मग खुर्ची सरकवल्याचा.)

लेखिका: तिथे काय बसतोस? ती तुझी खुर्ची नाही.

नवरा: असू दे.

लेखिका: अरे, तिथून दार दिसत नाही.

नवरा: नाही दिसत.

लेखिका: भिंतीकडची खुर्ची रिकामी नव्हती म्हणून भरल्या हॉटेलातून तू मला उपाशी बाहेर काढलंयस. मुलगी चुकून तुझ्या जागेवर बसली तर तिला ताटासकट उचलून पलीकडे ठेवायचास.

नवरा: हो.

लेखिका: कशी बसलीय बघ पाठ. कुणीतरी पिस्तूल लावल्यासारखी.

नवरा: सवय नाही. होईल.

लेखिका: मग आता दार कोण बघणार?

नवरा: तू. तुझं तोंड तिकडेच आहे.

(कप उचलून घोट घेतल्याचा आवाज.)

नवरा: साखर बरोबर आहे?

लेखिका: जास्त आहे. बोलू नकोस जरा. टाइप करू दे.

(टायपिंगचा आवाज. बऱ्याच वेळाने फोन वाजतो. लेखिका स्पीकरवर टाकते.)

संपादक: ताई, परत मीच. काही सुचलं का?

लेखिका: अर्धं लिहून झालंय. साक्ष संपलेली आहे, धोका टळलाय, नाटकाची गरज उरलेली नाही. दोघं चहाला बसतात. तो खुर्ची बदलतो आणि दाराकडे पाठ करून बसतो.

संपादक: आणि?

लेखिका: आणि चहा पितो.

संपादक: एवढंच? वाचकांना कळेल का हे?

लेखिका: त्याआधीच्या प्रकरणांत तो मेला तरी तसा बसणार नाही, हे मी नीट घालते. मग कळेल. ज्यांच्या घरी नवरा आहे त्यांना तर आधीच कळेल.

संपादक: हं. थांबा हं, जरा विचार करतो. नाही, बरंय. बरंय हे. पाठवा. पण कुणीच जखमी होत नाही का?

लेखिका: त्याची मान अवघडते.

संपादक: चालेल. ठेवतो.

नवरा: जिन्यात कुणाची तरी पावलं वाजतायत.

लेखिका: वरच्या मजल्यावरचे आजोबा आहेत. गेले वर.

नवरा: नक्की?

लेखिका: मी बघतेय ना. तू चहा पी.