मोठे टायर, उंच गाडी आणि जमनीबाईचा बांध

माझं नाव सुपडू. हसू नका बाई, आमच्याकडे खानदेशात आधीची पोरं जगली नाहीत की पुढच्या पोराला सुपात घालून अंगणातून ओढतात आणि नाव ठेवतात सुपडू, म्हणजे बघा, मला जन्मल्या जन्मल्या पहिली गाडी मिळाली ती बिनचाकाची, आणि तेव्हापासून चाकांची जी हाव सुटली ती अजून काही भागली नाही. गाव आमचं शिरपूरच्या पलीकडे, तापीच्या अंगाला. आजा बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धाव चढवायचा, धाव लाल होईस्तोवर तापवायची, चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं, तर अशी वाफ निघायची बाई, की आजूबाजूच्या गावांना वाटायचं आगगाडी आली, लोक गाठोडी घेऊन पळत यायचे, आणि आमच्या गावाला रेल्वे नाही हं, आजही नाही, तरी एकदा कुठूनसा एक तिकीट तपासणारासुद्धा आला होता. तुम्हाला खरं वाटत नसेल तर नका लिहू, पण मी सांगायचं ते सांगणार.

सिल्वासाला आलो तो राखोलीच्या सुताच्या कारखान्यात. तिथे मशीनचा आवाज असा की बायकोशी बोलायला घरी आलो तरी मी ओरडायचो आणि आम्ही राहतो त्या सगळ्या आमली भागाला कळायचं आज आमच्याकडे भाजी कसली. मग कारखाना सोडला, मालकांच्या गाड्या चालवल्या, आणि शेवटी स्वतःचा पिकअप घेतला, पांढरा, मागे उघडा हौदा, आणि सरलाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याला हळदकुंकू लावून असा जवळ घेतला की लग्नात मलासुद्धा एवढं प्रेमाने बघितलं नव्हतं. माझ्यामागून तिचा भाऊ एकनाथ आला, त्यालाही मीच आणला, मीच गाडी शिकवली, आणि त्याने काय करावं, तीनचाकी टेम्पो घेऊन माझ्याच धंद्यात उतरला. तोंडावर दाजी दाजी करतो, आणि मागून माझी गिऱ्हाइकं पळवतो.

आता गिऱ्हाइकं म्हणजे कोण, ते सांगतो. खानवेलच्या पुढे डोंगराच्या पोटात एक पाडा आहे, वारली लोकांचा. तिथल्या बाया बाजाराच्या दिवशी काकड्या, कारली, शिराळी, पावसात रानातली भाजी, कधी कोंबड्या घेऊन सिल्वासाला विकायला यायच्या, त्यांना आणायचं आणि न्यायचं काम माझं. माणसं नाही नेत हं मी, माल नेतो, आता मालाबरोबर मालकीण बसली तर तिला खाली उतर म्हणायला मी कोण. त्यांची पुढारी जमनीबाई, उंची एवढीशी, कोपरापर्यंत येईल तुमच्या, पण आवाज असा की कोंबडासुद्धा आधी तिला विचारून आरवतो.

कारखान्यांचा माल मोठ्या ट्रकवाल्यांनी उचलला होता, तेव्हा माझी चूल पेटायची ती या बायांवरच. आणि पावसाळ्यात घोटाळा व्हायचा. मोठ्या रस्त्यापासून पाड्यापर्यंतची वाट तांबड्या चिखलाची, गेल्या पावसाळ्यात माझी गाडी तिथे अशी फसली की ती काढायला बैल आणले आणि मग बैल काढायला माणसं आणली. बाया डोक्यावर टोपल्या घेऊन घसरत घसरत मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जायच्या, आणि तिथे कोण उभा, तर आमचे एकनाथराव, टेम्पोला टेकून. जमनीबाईने मला सरळ सांगितलं, सुपडूभाव, आमचे पाय तुटतात, रस्त्यापर्यंत चालतच जायाचं तर तुझी गाडी न् त्याची गाडी सारखीच, या बाजाराला पाड्यात येऊन आम्हाला घेतलंस तर तू, नायतर एकनाथ. काय सांगू तुम्हाला बाई, मी त्या रात्री जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण दोनच वेळा.

दुसऱ्या दिवशी गेलो आमलीतल्या अण्णाकडे. अण्णा केरळचा, टायरचं दुकान, बोलतो कमी आणि टायरला कान लावून ऐकतो जास्त. मी म्हणालो, अण्णा, असे टायर दे की गाडी चिखलातून नाही, चिखलावरून जाईल. त्याने आतून काढले ते टायर, बाई, रबराचे गड्डेच्या गड्डे, मधल्या खोबणीत माझी मूठ जायची, अख्खी. अण्णा म्हणाला, भाई, ये बडा है, घिसेगा. मी म्हणालो घिसने दो. जॅक लावला, जुनी चाकं उतरवली, नवी चढवली, आणि गाडी खाली सोडली तर ती अशी उभी राहिली जशी काही कुस्तीला निघालीय, आजूबाजूच्या दुकानांतून लोक बाहेर आले, एक गुजराती काका म्हणाले, आ तो हाथी थई गयो, आणि मी हत्तीवर बसल्यासारखा बसलो.

पण स्टेअरिंग फिरवलं आणि खर्रर्र. मागचा टायर हौद्याला घासतोय, पुढचा मडगार्डला. अण्णाने फक्त माझ्याकडे बघितलं. मग कमानीत पाटे वाढवले, म्हणजे स्प्रिंगला आणखी पट्ट्या घातल्या, तशी गाडी अजून वर गेली आणि मागचं घासणं थांबलं. पुढचं राहिलं, पूर्ण वळवलं की घासायचं. अण्णा म्हणाला पत्रा काटना पडेगा. मी म्हणालो हात नको लावू पत्र्याला, सरलाने त्यावर कुंकू लावलंय, पूर्ण वळवतोच कोण, मी सरळमार्गी माणूस आहे. घरी नेली तर सरला दारातच, कपाळावर हात. डोकं फिरनं का तुमनं, म्हणाली, मी बसू कशी यात? मी म्हणालो तू कशाला बसतेस, तू बघ. ती आत गेली. ते एक वाक्य मी तेव्हाच नीट ऐकलं असतं ना बाई, तर पुढचं सगळं झालंच नसतं.

बाजाराचा दिवस. पाऊस असा की काच पुसायच्या काड्यांना दम लागला. मोठ्या रस्त्यावर एकनाथ टेम्पो लावून उभा, मला बघून ओरडला, दाजी, गाडी घेतली का माडी? शिडी कुठाय? मी सरळ गाडी चिखलात घातली. आणि काय गेली बाई! मागच्या वर्षी जिथे बैल फसले तिथून गेली, जिथे माणसं फसली तिथून गेली, टायर चिखल असा खायचे आणि असा मागे थुंकायचे, की वाटेतली बेडकं उडून झाडावर बसली, एक तर अजून उतरायला तयार नाही म्हणतात. एकनाथ गंमत बघायला मागून चालत येत होता, छत्री घेऊन, तर चिखलाने असा माखला की वाटेतल्या म्हशीने त्याला ओळख दाखवली. मी हॉर्न वाजवत पाड्यात शिरलो, अख्खा पाडा बाहेर, पोरं नाचतायत, मी खाली उडी मारली, हौद्याचा मागचा फाळका उघडला आणि म्हणालो, चला, बसा!

कुणी हललं नाही.

जमनीबाई टोपली डोक्यावर घेऊन हौद्याजवळ आली. हौदा तिच्या टोपलीच्या वर. तिने मान वर केली, टोपली पडायला आली, मान खाली केली, मग माझ्याकडे बघितलं. सुपडूभाव, म्हणाली, हे आणलंस ते बेस आणलंस, पण आमी कश्या चढायच्या रं? तू आमच्यासाठी आलास का आंबे उतरवायला? आणि बाया ज्या हसल्या! लखमी म्हणून एक आहे, ती म्हणाली, बायांनो, नवऱ्याच्या खांद्यावर उभ्या रहा, नायतरी त्यांचा दुसरा काय उपयोग. मी वाकलो, म्हणालो माझ्या पाठीवर पाय द्या, तर जमनीबाई म्हणते तुझी पाठ मोडली तर गाडी कोण चालवंल. ओढून घेऊ म्हणालो, तर काकड्यांची टोपली उलटली आणि काकड्या उताराने निघाल्या सिल्वासाला, आमच्याआधी. आणि एकनाथ चिखलातून दात दाखवत म्हणतो, बायांनो, चला रस्त्यावर, माझ्या टेम्पोत बसायला फक्त पाय उचलावा लागतो. आणि बाई, त्यांनी टोपल्या उचलल्या. खरंच उचलल्या. निघाल्या.

मी म्हणालो थांबा, गाडी वळवतो, पुढून काहीतरी करतो, काय करतो ते मलाही माहीत नव्हतं. वळवायला गेलो तर पूर्ण वळेना, तोच पुढचा टायर, तेच खर्रर्र. मागे घेतली, पुढे घेतली, मागे घेतली, आणि मागची दोन्ही चाकं गेली धप्पकन शेताच्या कडेच्या चरात. गाडी मागून खाली बसली, तोंड आभाळाकडे. एकनाथ टाळ्या वाजवतोय. मी स्टेअरिंगवर डोकं टेकवलं आणि मनात म्हणालो, संपलं सुपडू, आता परत राखोली, परत ते ओरडणं.

आणि मागे हौद्यात पाऊल वाजलं.

वळून बघतो तर जमनीबाई! शेताचा बांध आणि माझा हौदा बरोबर एका पातळीत आले होते, ती डोक्यावरची टोपली न उतरवता बांधावरून चालत सरळ आत आली, जशी काही ओटीवरून घरात. कोपऱ्यात बसली, टोपली मांडीशी घेतली आणि बायांना ओरडली, बघताय काय, या गं! मग लखमी आली, मग सगळ्या, टोपल्या, कोंबड्या, आणि कोणाची तरी एक शेळी, जी बाजारात जाणार नव्हती पण रांग बघून आली. हौदा भरला. कोणाला वाकावं लागलं नाही, कोणाला ओढावं लागलं नाही.

आता गाडी बाहेर काढायची होती. मी पहिला गिअर टाकला, हळूहळू पाय दाबला, चाकं फिरली, फिरली, नुसती फिरली, चिखल उडाला, जमनीबाई म्हणाली मागे बसा गं सगळ्या, चाकावर जोर द्या, आणि बाया सरकल्या मागे, टायरच्या गड्ड्यांनी खाली कुठेतरी दगड धरला, मला स्टेअरिंगमध्ये कळलं बाई, जसं आंधळ्याच्या हाताला भिंत लागावी, आणि गाडी उठली! बाया अशा ओरडल्या की दमणगंगेने वाट बदलली असेल. एकनाथ बाजूला उभा, एक चप्पल चिखलात गेलेली, जमनीबाई म्हणाली, एकनाथभाव, ये बस, बांध तर मागे राहिला, आता चढशील कसा, दे हात, आणि बायांनी त्याला हाताला धरून वर ओढला, शेळीशेजारी. रस्त्यावर आल्यावर तो आपल्या रिकाम्या टेम्पोजवळ उतरला, एका चपलेवर. दाजी, म्हणाला, आणि टेम्पोचं सीट पुसायला लागला. मी म्हणालो, रविवारी जेवायला ये, बहिणीने बोलावलंय.

तर आता असं आहे बाई, पुढचा पत्रा कापला मी, सरलाने स्वतः कुंकू पुसून दिलं, आणि तिच्यासाठी एक लोखंडी पायरी जोडून घेतली. बाया बाजारात उतरतात त्या मालाच्या ओट्यावर, आणि पाड्यातही पायरी लागत नाही. तो चर आहे ना, बायांनी तो नीट खणून घेतलाय, तळाला दगड टाकलेत, दोन्ही बाजू चोपल्यात, पावसाने बुजला तर फावडं घेऊन पुन्हा मोकळा करतात, मी दर बाजाराला तिथे मागची चाकं उतरवतो आणि त्या गप्पा मारत चालत आत येतात. परवा रस्त्याचं काम करणारे कोणी आले होते, म्हणाले हा खड्डा बुजवतो, तर जमनीबाई खड्ड्यात उतरून उभी राहिली. त्या उंचीची बाई खड्ड्यात, फक्त आवाज दिसत होता. ते गेले परत. देव तिला शंभर वर्षं देवो, आणि त्यातली एकसुद्धा तिला चालत काढायला न लावो.