कोरड्या विहिरीची ओटी

मंडळी, बसलात ना नीट? मग एक विचारते. पाण्याकडे आपण जातो ते मागायला. पाण्याला देणारं कुणी पाहिलंय? नाही? मग ऐका!

धरणाकाठचं बोरखडी गाव. शेजारी वीज बनवणारा कारखाना. यंत्रं तापतात, थंड करायला पाणी लागतं — इतकं, की माणूस उभा आत शिरेल एवढा पाइप धरणात सोडलेला! आणि गावाला? दोन दिवसांआड टँकर.

तिथली वनमाला. पहिलटकरीण. लेक सव्वा महिन्याची झाली. रीत अशी, की त्या दिवशी बाळंतिणीनं विहीर पुजायची, ओटी भरायची, मगच घागरीला हात लावायचा. पण विहीर कोरडी ठणठणीत!

"आई, नळच पुजू का?"

"नळ?" सासू सरूबाई कडाडल्या. "उद्या टँकरच्या डायव्हरची ओटी भरशील!"

हसा, हसा! पण ऐका — बोलून झाल्यावर म्हातारी उठली, घरातली एकुलती भरली घागर काखेत घेतली आणि विहिरीत ओतली! प्यायचं पाणी, मंडळी! "माझी सून काय खडक पुजेल?" ते पाहून शेजारणी धावल्या. कुणाचा तांब्या, कुणाची कळशी. वनमालानं लेकीला पदराखाली धरून घाईघाईनं हळदकुंकू वाहिलं. घाई का? तळ पाणी पीत होता ना! नारळ सोडेपर्यंत उरला नुसता ओला डाग.

तिचा नवरा प्रल्हाद कारखान्याचा पंप चालवायचा. कामावरून आला, सगळं ऐकलं, आणि जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी गावात मंडप टाकून सरकारी सुनावणी. कारखाना वाढवायचाय, आणखी पाणी हवंय. सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "कागदावर धरणात भरपूर पाणी आहे. कुणाची हरकत?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले! घरटी एक माणूस कारखान्यात, बोलणार कोण?

प्रल्हाद हलला. मांडीवरच्या लेकीला सावरत वनमालानं त्याची बाही धरली. "अहो, बसा ना. नोकरी जाईल. हिला काय घालू?"

त्यानं बाही हळूच सोडवली. उठला. "साहेब, पंप मी चालवतो. धरणातल्या पाण्याच्या पातळीची खूण रोज मीच वाचतो. यंदा पाणी पाइपच्या तोंडाखाली गेलं होतं. ते कागदावर नाही."

"तुमचं नाव?"

प्रल्हादनं वळून लेकीकडे पाहिलं. आणि मंडळी — उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव कधी न घेतलेली ती पोर उभी राहिली! "यांचं नाव प्रल्हाद. माझं वनमाला. दोन्ही लिहा." मागून सरूबाई, "माझंही घाला!" मग शेजारणी, एकेक करून.

साहेबांनी लिहिलं. वाढीव पाण्याचा निर्णय थांबला. नोकरीचं काय, विचारता? अजून धाकधूक आहे दोघांना.

हा माइक, हा पंखा त्याच पाण्यावर चालतो. माझंही बाळ पंख्याखालीच झोपतं, मी कुणाला बोल लावू? पण मंगळवारी आपल्या चावडीपुढे असाच सुनावणीचा मंडप पडणार आहे. आणि आत्ताच तुम्ही एकमेकांकडे बघताय — आधी कोण उठतंय म्हणून!

नका बघू, बायांनो. लेकरं कडेवर घेऊन या.