माणूस असल्याचा पुरावा

आमच्या लालबागच्या चाळीतल्या दिलीपची हुशारी ऐका. फालतू मेल येऊ नयेत म्हणून त्याने सोय केली. आलेला प्रत्येक मेल अडवायचा आणि पाठवणाऱ्याला उलट विचारायचं, “तुम्ही खरंच माणूस आहात ना? मग हे बटण दाबा.” कुणा भामट्याने माझा मेलचा पत्ता वापरून त्याला ढीगभर जाहिराती पाठवल्या. झालं, ते सगळे प्रश्न माझ्याकडे. माझी मेलची पेटी भरली आणि माझ्या मसाल्याच्या धंद्याच्या ऑर्डरी परत जायला लागल्या.

मी वर त्याच्या खोलीवर गेले. म्हटलं, “बंद कर ते. माझा धंदा बसलाय.”

“काकी, तुम्हाला नाही कळणार. मला आता एकही फालतू मेल येत नाही.”

“कसा येईल? आपला कचरा जिन्यावरून माझ्या दारात लोटतोस आणि वर म्हणतोस, माझी खोली बघा कशी स्वच्छ.”

“मग डिलीट करा ना.”

डिलीट कशाला करू? दुपारभर बसून मी प्रत्येक मेलचं बटण दाबलं. अडवलेली एकूण एक जाहिरात त्याच्या पेटीत जाऊन पडली.

संध्याकाळी धावत खाली आला. “काकी, हे काय केलंत?”

“माणूस आहात का विचारलंस, मी हो म्हटलं. तुला अजून कुणी विचारलेलं दिसत नाही.”