फटीतली शीळ

गारखेड्यातल्या दातांच्या दवाखान्यात रत्नमाला सुजलेला गाल धरून बसली होती. समोर बोळक्या तोंडाचा म्हातारा, त्याची सून आणि नात.

“आबा, दातातली ही फट तुमच्याच घराण्याची. शाळंत पोरी हिला खिडकी म्हणतात. आज तारा बसवूनच जायचं.”

“आई, लवकर बुजंल ना गं?”

“प्रांजली, ह्याच फटीतून शीळ घालायचो मी. हर्सूलच्या माळावर पांगलेली मेंढरं पळत यायची.”

“सगळी?”

“लंगडं मेंढरूबी. माझ्या बापाचीबी शीळ अशीच. आता दात गेले, शीळबी गेली.”

“मला शिकवा ना, आबा.”

“जीभ फटीला टेकव. हां, आता फुंक जोरात.”

शीळ अशी घुमली की सगळा दवाखाना दचकला. म्हातारा काठी टेकत उठला आणि दाराकडं बघत राहिला.

“आई, आली! मला नाय बुजवायची फट.”

“गप. लोक बघायलेत. चल, आपला नंबर आला.”

मायलेकी आत गेल्या. म्हातारा उभाच होता.

“बाबा, कोणी यायचंय का?” रत्नमालानं विचारलं.

“नाय, बाई. मेंढरं इकली, हे ध्यानातच राहत नाय.”