टपालपेटी कुठे गेली?

हॅलिफॅक्सच्या बसथांब्यावर हेझल उभी होती. समोरून एक अंध म्हातारा आला. पांढरी काठी घडी घालून खिशात आणि हातात अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्याच्या पट्ट्याचा दांडा. कुत्रा मात्र नव्हताच. पट्ट्याचं पुढचं टोक धरून, सराव म्हणून कुत्र्याच्या जागी शिकवणारी बाईच चालत होती.

“थांब ग्वेन! वाट चुकलीस तू.”

“डेस्मंड, मी आत्ता कुत्रा आहे. नुसतं ‘थांब’ म्हणायचं.”

“खरा कुत्रा येईल पुढच्या महिन्यात, त्याचं तेव्हा बघू. टपालपेटी कुठे गेली?”

“मागे राहिली.”

“शक्यच नाही! अकरा वर्षं रोज काठी तिच्यावर आपटते, तेव्हा कुठे मी वळतो.”

“कुत्रा आपटू देत नाही. आधीच वळसा घालतो.”

“आणि दिव्याचा खांब?”

“तोही गेला.”

“बेकरीवाल्याची फुटपाथवरची पाटी? मेलीने माझ्या नडग्या सोलून काढल्यात.”

“तीसुद्धा.”

म्हाताऱ्याने वाकून नडगी चाचपली. बस आली, हेझल चढायचं विसरली.

“तुम्ही डोळस माणसं रोज अशीच चालता, ग्वेन?”

“हो.”

“कशालाही न धडकता?”

“बहुतेक वेळा.”

“आणि घरी जाऊन कुणाला सांगतसुद्धा नाही?”