पहिला पेला हरलेल्यांचा

अन्याय झाला तो इंदूबाई दत्ताराम यांच्यावर. सगळं गाव त्यांना इंदूकाकी म्हणतं. कधी झाला तेही सांगून टाकू: गेल्या शिमग्याच्या आधीच्या रविवारी, फायनलचा शेवटचा बॉल पडल्यावर आणि कप वाटायच्या आधी, भर उन्हात, माणसांनी भरलेल्या मैदानावर. काकींचा कोकम सरबताचा माठ उपडा करण्यात आला. ज्या मातीत तो ओतला ती माती काकींच्याच घरची, भाताच्या खाचरांची. गावानं ते बघितलं आणि कपाला टाळ्या वाजवायला तोंड फिरवलं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आपल्या ओटीवर बसून काकींनी जे सांगितलं ते त्यांच्याच बोलीत पुढे दिलं आहे.

माझं माहेर नाते गावचं, महाडवरून रायगडाकडं जाताना लागतं ते. लग्न होऊन ह्या डोंगरात आले आणि काय सांगू तुमाला, पहिल्या वर्षी मला वाटलं ह्या घरातली माणसं भात पिकवतात ते नुसतं जागा रिकामी करून बॅट फिरवायला. कापणी झाली, झोडणी झाली की पोरं फावडी घेऊन येतात, आमच्या खाचरांमधले बांध फोडतात, ढेकळं फोडतात, शेणानं पीच सारवतात, झालं मैदान. आणि पाऊस यायच्या आधी तीच पोरं बांध परत घालून देतात. कागद नाय, सही नाय, सासऱ्यांच्या वेळेपासून हे असंच. बांध फोडू देणं सोपं नाय हो, परत नीट घातला नाय तर लावणीचं पाणी खाचरात ठरत नाय, वर्षाचा भात जातो. पण कोणी कधी फसवलं नाय. क्रिकेट खेळणारा पोरगा बांधावर काम करतोच, नाय केलं तर पुढच्या वर्षी त्याला टीममध्ये कोण घेतो.

तर त्या पहिल्या वर्षी नात्यातली, म्हणजे नाते गावची टीम टूरवर आली आमच्याकडं. टूर म्हणजे काय, एक टेम्पो, त्यात पोरं, मध्ये बॅटांची पिशवी, आणि वाटेत येतील त्या गावांशी मॅच. त्यांच्यात माझा सख्खा भाऊ. इकडं ह्यांच्या टीमचे कॅप्टन हेच, आमचे मालक. मॅच झाली, ह्यांनी जिंकली, भाऊ शून्यावर गेला तो मैदानाच्या कडेच्या जांभळीखाली डोकं खाली घालून बसला. सासूबाईंनी मला सरबताचा माठ आणि खांडवीची परात घेऊन पाठवलं, आधी आपल्या पोरांना दे बोलल्या, जिंकलेत ते. मी नवीन नवरी, पदर सांभाळू की परात सांभाळू, समोर भाऊ दिसला आणि मी सरळ त्याच्यासमोर जाऊन पेला धरला. एक म्हातारा बोलला, दत्ताराम, बायको अजून माहेरचीच हाय रे तुझी. मला तर जमीन दुभंगावी असं झालं. पण सासरे अंपायर होते, पांढरा सदरा घालून उभे, ते बोलले, बरोबर केलं पोरीनं, जिंकलेल्यांना आज पाणी नाय मिळालं तरी चालतं, तहान हरलेल्यांना लागलीय. झालं. पुढच्या मॅचला पोरं आपणहून थांबली, हरलेल्यांनी पेला घेतल्याशिवाय जिंकलेले हात पुढं करीनात. माझी चूक ती गावाची रीत होऊन बसली.

सरबत म्हणाल तर आमचं नुसतं कोकम नाय. वैशाखात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायची, सालीच्या वाट्यांत साखर भरायची, बरणी उन्हात ठेवायची, रोज हलवायची, मंग तो रस वर्षभर टिकतो. मॅचच्या दिवशी माठात पाणी, रस, भाजलेलं जिरं, मिठाची चिमूट. खांडवी म्हणजे तांदळाच्या कण्या तुपावर भाजून गुळाच्या पाण्यात शिजवायच्या, आलं, वेलची, वर ओलं खोबरं, परातीत थापून वड्या पाडायच्या. शहरातली पोरं येतात टूरवर, आधी नाक मुरडतात, काकी यात काय हाय विचारतात, नंतर वडी खिशात घालून नेतात. एकाच्या पँटचा खिसा तुपानं असा भिजला की त्याला टेम्पोत कोणी शेजारी बसू देईना.

मी पण गेलीय टूरवर. हसू नका. एकदा महाडला मोठी स्पर्धा होती, ह्यांनी मला नेलं, ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं, मांडीवर खांडवीचा डबा. एस्टी डेपोजवळ टेम्पो थांबला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पियुष प्यायले. पिवळं, घट्ट, गार, जायफळाचा वास, श्रीखंडाला कोणीतरी पातळ करून पेल्यात ओतल्यासारखं. मी एका पेल्यात गार झाले. मालकांनी एकामागून एक रिचवले, मी म्हटलं, अहो, खेळायचंय ना, तर बोलले, तू बघच. बघितलं ना. पहिलाच बॉल मारला, पोट धरून धावायला लागले आणि पीचच्या मधेच थांबले, समोरचा ओरडतोय पळ रे पळ, हे उभेच. रनआऊट. अजून कोणी पियुष म्हटलं की ह्यांना घरात तोंड लपवायला लागतं. पण त्या दिवशी महाडच्या टीमनं, आमी हरलो म्हणून, आमाला आधी बसवून जेवण दिलं, वर ताक दिलं. बोलले, तुमची रीत आमी ऐकलीय काकी. तेव्हा मला कळलं की पेला किती लांब जातो ते.

आता महेशचं सांगते. महेश माझ्या दिराचा पोरगा, माझ्या हातची खांडवी खाऊन मोठा झालेला. मुंबईला नोकरी करून आला, आता गावच्या क्रिकेट मंडळाचा सेक्रेटरी. पोरगा वाईट नाय, हौशी हाय. त्यानं शेठ आणला, थंडाच्या बाटल्यांची एजन्सी असलेला. शेठनं जर्सी दिल्या, कप दिला, बॅनर लावलं, माईक लावला. माईकवर काय बोलले माहितीय? मैदान उपलब्ध करून दिल्याबद्दल शेठचे आभार. माझ्या खाचरात उभं राहून! मालक बोलले, जाऊ दे गो, पोरांना समजत नाय. मी पण जाऊ दिलं.

फायनल शेठच्या टीमची, म्हणजे त्याच्या जर्सी घातलेल्या आमच्याच पोरांची, आणि नाते गावची. शेठची टीम जिंकली. मी माठ घेऊन जांभळीखाली होतेच, माठ कमरेवर घेतला, हातात परात, आणि चालले नाते गावच्या पोरांकडं. शेठ कप हातात घेऊन मध्येच उभा. हसून बोलला, काकी, जिंकलेले इकडं हायत. मी बोलले, माहीत हाय शेठ, तुमचं नंतर. मला काय टोमणा मारायचा नव्हता, इतक्या वर्षांचं तोंडात बसलेलं निघालं. पण लोक हसले. खदाखदा हसले. शेठचा चेहरा उतरला, त्यानं महेशकडं नुसतं बघितलं.

महेश आला. बोलला, काकी, इथं बाहेरचं काय चालणार नाय, करार हाय, फक्त शेठच्या बाटल्या. मी बोलले, बाहेरचं? बाळा, बाहेरचं कोण इथं? तो बोलला, काकी, तमाशा नको. आणि त्यानं माठाच्या गळ्याला धरलं आणि कलता केला. लाल पाणी पीचपर्यंत गेलं. तो फोडला असता तर रागात केलं म्हटलं असतं. त्यानं हळूच ओतला, आवाज होऊ नये म्हणून.

परात मी नाते गावच्या कॅप्टनपुढं धरली, तो हातात वडी घेऊन उभा, खावी की ठेवावी त्याला कळेना. त्यांच्या पोरांनी परात उचलली, टेम्पोत नेली आणि आत बसून खाल्ली, चोरीचा माल असल्यासारखी. खांडवी काय चोरून खायची गोष्ट हाय?

नंतर मी पुष्कळ विचार केला. मला शेठचा राग नाय, तो बाटल्या विकतो, त्याला बाटल्याच दिसणार. थंडा पोरांना आवडतो, मला पण आवडतो, नाकात जातो तेव्हा मजा येते. बाटली पण असू दे की माठाच्या शेजारी. मंग मला नक्की काय लागलं? माठ लागला, की माझा मान लागला? दोन्ही खरं असेल. पण सगळ्यात जास्त लागलं ते हे की त्या दिवशी हरलेल्या पोरांना कोणी विचारलं नाय. ती उन्हात उभी होती आणि माईक दुसऱ्याचंच नाव घेत होता. माझा भाऊ बसला होता ना जांभळीखाली, तसाच तो कॅप्टन मला दिसतो.

आता यंदाचा भात घरात आलाय. परवा महेश आला, बांध फोडायचं विचारायला. ओटीवर चढला नाय, अंगणातच उभा. मालक आतूनच बोलले, नाय द्यायची जमीन, सांग त्याला. मी बोलले, देते. पण माठ जांभळीखाली बसणार आणि पहिला पेला हरलेल्यांना जाणार, शेठ समोर असला तरी. महेश बोलला, काकी, शेठ नको बोलला तर कप कोण देणार, जर्सी कोण देणार? मी बोलले, तुझ्या काकांनी बनियनवर मॅचेस जिंकल्यात रे. त्याला हसू आलं, पण आवरलं त्यानं. मी सरबताचा पेला आणून हातात दिला. उभ्यानं प्यायला, सगळा प्यायला, पेला नळाखाली धुवून पायरीवर उपडा ठेवला. बोलला, विचारून सांगतो.

कोणाला विचारणार, ते नाय बोलला.

तर बांध अजून उभा हाय. फावडं लागलेलं नाय. बरणी भरलेली हाय, कण्या भरडून ठेवल्यात. पोरं खेळू देत, त्यांचे हातपाय धड राहू देत, जिंकू देत, हरू देत. माझं एवढंच.

काकींचं सांगणं इथे संपलं. महेशनं कोणाला विचारायचं ते आता तुम्ही ठरवा, कारण मैदानाच्या कडेला तुम्हीही उभे असता. यंदाच्या हंगामात ज्या गावच्या मॅचला जाल तिथे माईकवाल्याकडे जा आणि ज्यांच्या शेतात खेळ चाललाय त्यांचं नाव घ्यायला लावा. त्यांच्या घरचा माठ मैदानाबाहेर ठेवला असेल तर स्वतःच्या हातानं उचलून आत आणा. आणि कप तुमच्या टीमच्या हातात असेल तर थांबा, हात पुढं करू नका. आधी हरलेल्यांना पिऊ द्या.